माळ कोणाची, किनारा कोणाचा?

दागदागिने हा समाजवादी कार्यकर्त्याच्या आस्थेचा विषय नव्हे, असा एक समज चळवळीत रूढ आहे. दागिना म्हणजे संपत्तीचे प्रदर्शन आणि प्रदर्शन म्हणजे विषमतेचा उत्सव, हे समीकरण सोन्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु हवाई द्वीपसमूहातील नीहाऊ बेटावर इवल्या शंखांच्या ज्या माळा गुंफल्या जातात, त्यांना ते लागू पडत नाही. या माळांचे द्रव्य फुकटचे आहे. समुद्र ते किनाऱ्यावर आणून टाकतो. कवडीमोल हा मराठी शब्द त्याला अक्षरशः शोभावा. तरीही उत्तम प्रतीच्या एका माळेला हजारो डॉलर पडतात आणि तिचा विमाही उतरविला जातो. हे मोल आले कोठून, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा आहे तितकाच राजकारणाचाही आहे.

मोलाचा उगम उघडच श्रमात आहे. साधारणतः ऑक्टोबर ते मार्च या काळात मोठ्या लाटांबरोबर हे शंख वाळूवर येतात. मोत्यासारखा तुळतुळीत तो मोमी, तांदळाच्या दाण्यासारखा तो लाइकी आणि सर्वांत लहान तो काहेलेलानी. या शेवटच्याला एका प्राचीन अधिपतीचे नाव मिळाले आहे. गडद तांबड्यापासून गुलाबी आणि तपकिरीपर्यंत त्याच्या छटा असतात. आकार मात्र जेमतेम काही मिलिमीटर. उभ्या माणसाच्या नजरेस तो पडतच नाही. म्हणून वेचणारी माणसे वाळूवर बसून, प्रसंगी पालथी पडून, तासन्‌तास एकेक दाणा टिपतात. मग रंग आणि आकार यांप्रमाणे निवड करायची, फुटके-झिजके बाजूला काढायचे, अणकुचीदार टोच्याने प्रत्येकाला भोक पाडायचे. याच वेळी कित्येक शंख फुटतात आणि तेवढी वेचणी वाया जाते. अनेक सरांच्या माळेला हजारो शंख लागतात. एकाच छटेचे दाणे जमविता जमविता कधी कधी वर्षे लोटतात. ओवण्याच्या निरनिराळ्या रीती आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आल्या आहेत. यंत्राला येथे वाव नाही, मुकादमाला नाही आणि घड्याळालाही नाही.

शिवाय हवाईत लेई, म्हणजे माळ, ही मुळात दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची वस्तू आहे. स्वागत, निरोप, सन्मान, माया हे सारे तिच्यातून व्यक्त होते. फुलांची लेई सुकते. शंखांची पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि ती कोणी, कोणासाठी ओवली याची आठवणही घरात टिकते. पर्यटकाला तिच्यात समुद्राचे सौंदर्य दिसते. ते आहेच, पण तिचे खरे आकर्षण या नात्यात आहे आणि दुकानाच्या काचेआड नेमके तेच दिसत नाही.

आता ज्या वाळूवर ही वेचणी चालते, ती वाळू ज्या बेटाची, त्याच्या मालकीकडे वळले पाहिजे. १८४८ च्या वाटणीने हवाईतील जमीन खासगी मालकीची वस्तू बनली आणि १८५० च्या कायद्याने परकीयांनाही ती विकत घेता येऊ लागली. १८६४ मध्ये पाचव्या कामेहामेहा राजाने सुमारे १८० चौरस किलोमीटरचे हे बेट एलिझाबेथ सिंक्लेर या बाईंना दहा हजार डॉलरना विकले. आजही ते त्यांच्या वंशजांच्या, रॉबिन्सन कुटुंबाच्या, मालकीचे आहे. बेटावर माणसे राहत होती. ती विकली गेली असे म्हणता येणार नाही. परंतु काल जे रहिवासी होते ते आज मालकाच्या मर्जीचे पाहुणे झाले.

येथे एक अडचणीचे सत्य टाळता कामा नये. १८९३ मध्ये अमेरिकन नौसैनिकांच्या पाठबळावर लिलिउओकलानी राणीची सत्ता उलथविण्यात आली, १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली, १८९८ मध्ये देश अमेरिकेने गिळंकृत केला. या पडझडीत नीहाऊवर मात्र हवाईयन भाषा घराघरांतून बोलली जात राहिली, कारण मालकाने बाहेरच्यांना बेट बंद ठेवले होते. खासगी मालकीचे समर्थक हा दाखला हटकून देतात. पण मालकाच्या इच्छेवर टिकणारे रक्षण हा हक्क नव्हे, ती मेहेरबानी होय. भाषेला हक्काचे रक्षण मिळाले ते लोकांच्या रेट्याने. १९७८ च्या राज्यघटना-दुरुस्तीने हवाईयन ही राज्यभाषा ठरली आणि १९८४ मध्ये शेजारच्या काउआई बेटावर, नीहाऊच्या कुटुंबांची वस्ती असलेल्या केकाहा येथे, हवाईयन माध्यमाची पहिली बालवाडी लोकांनीच सुरू केली. बंद बेटावरची माणसे राजकीयदृष्ट्या झोपलेली होती, असेही कोणी समजू नये. १९५९ मध्ये अमेरिकेचे घटकराज्य होण्यावर सार्वमत झाले, तेव्हा साऱ्या हवाईत विरोधी बहुमत देणारे एकमेव मतदान केंद्र नीहाऊचे होते.

१९९९ मध्ये मालकांचा गुराढोरांचा व्यवसाय बंद पडला आणि बेटावरील नियमित रोजगार गेला. तेव्हापासून शंखांच्या माळा हा कित्येक कुटुंबांच्या रोकड मिळकतीचा मोठा आधार आहे. बाजारात नकली माल वाढल्यामुळे २००४ मध्ये हवाई राज्याने कायदा करून नीहाऊच्या नावाने खोटी माळ विकण्यास बंदी घातली. कायदा योग्यच आहे. फिलिपिन्समधून येणाऱ्या स्वस्त शंखमाळा ओवणारे हातही कष्टकऱ्यांचेच आहेत आणि लबाडी त्यांची नसून नाव बदलून विकणाऱ्याची आहे, एवढे भान मात्र ठेवावे. पण या कायद्याने रक्षण केले ते मालाच्या नावाचे. वेचणाऱ्या बाईचा त्या वाळूवर काय हक्क, याविषयी तो मूक आहे.

या हक्काला आधार नाही असे नव्हे. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये लाटा पोहोचतात तेथवरचा किनारा सार्वजनिक ठरविला. १९७८ च्या घटनेने मूळ हवाईयन रहिवाशांच्या पारंपरिक वेचणी-वापराच्या हक्कांना संरक्षण दिले. परंतु किनारा सार्वजनिक आणि त्यामागची सगळी जमीन, घरांसकट, एका कुटुंबाची, अशी स्थिती असेल तर कागदावरचा हक्क वाळूपर्यंत पोहोचत नाही. घराची शाश्वती आणि बेटावर परतण्याची वाट यांची हमी राज्याने कायद्याने दिली पाहिजे, आणि तीही वेळेत. २०१० च्या जनगणनेत नीहाऊवर १७० माणसे होती. २०२० मध्ये ८४ उरली.