राजाची सून

मैत्रिणींनो, या वेळी आलेल्या पत्रांत आमच्या मंगळवार पेठेतल्याच एका सासूबाईंचं पत्र आहे. त्यांचा मुलगा दीड वर्षापूर्वी वारला. सून चोवीस वर्षांची, बारावी झालेली, पदरात तीन वर्षांची मुलगी. सून म्हणते, मी पुढं शिकते. घरातली बाकीची माणसं म्हणतात, आता कशाला? सासूबाई विचारतात, “मी कुणाचं ऐकू?”

बाई, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या मिरजकर तिकटीवरून जुना राजवाडा असा कितीसा दूर?

मी शाळेत अर्धा वेळ इतिहास शिकवते. सिकंदराचं नाव निघालं की मुलं लढायांचंच विचारतात. पण इ. स. पूर्व ३२३ मध्ये तो बाबिलोनला बत्तिसाव्या वर्षी मेला, तेव्हा त्याची बायको रोक्साना गरोदर होती. मुलगा झाला, नावाला राजाही झाला आणि पुढं गादीच्या भांडणात त्या मायलेकांना ठार करण्यात आलं. एवढं मोठं साम्राज्य, पण त्यात एका विधवेला जागा नव्हती!

आता आपले शाहू महाराज बघा. कागलच्या घाटग्यांचे हे यशवंतराव २६ जून १८७४ ला जन्मले. तीन वर्षांचे व्हायच्या आत आई राधाबाई गेल्या. १८८४ मध्ये आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि दोन वर्षांत जन्मदाते वडीलही गेले. १८९१ ला बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, १८९४ ला राज्यकारभार हाती आला. थोरल्या लेकीला त्यांनी आपल्या आईचं नाव ठेवलं, राधाबाई. राधानगरी हे गाव त्या अक्कासाहेबांच्याच नावाचं. देवासच्या महाराजांशी झालेलं त्यांचं लग्न काही सुखाचं झालं नाही, त्या माहेरी परतल्या. म्हणजे राजाच्या घरीही हे सगळं असतंच की!

धाकटे चिरंजीव शिवाजी. त्यांचं लग्न १९१७ च्या जून महिन्यात सासवडच्या जगतापांच्या मुलीशी झालं. सासरचं नाव इंदुमती. १२ जून १९१८ ला शिवाजीराजे शिकारीत अपघात होऊन गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि सूनबाईंना बारावं चालू. आज आपण त्या वयाच्या पोरीला एकटीला दुकानावरसुद्धा पाठवत नाही.

बापाचं दुःख केवढं असेल! पण त्यांनी त्या पोरीला अंधाऱ्या खोलीत बसू दिलं नाही. वाड्यात राहिली तर सोवळं, रडणं आणि बायकांची कुजबुज यातच ती संपेल, हे त्यांनी ओळखलं असावं. शहराजवळच सोनतळीला तिच्या राहण्याची आणि शिकण्याची सोय केली, सोबतीला मुली दिल्या. घराण्यातल्या मंडळींना हे रुचलं नाही, तरी महाराज हटले नाहीत. सोबत दिली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकटीनं पुस्तक घेऊन बसणं आणि चौघींनी मिळून बसणं यात फरक असतो, हे कुठलीही शिक्षिका सांगेल.

मुलींच्या शिक्षणाचं त्यांना नवं नव्हतं. रखमाबाई केळवकरांकडे त्यांनी संस्थानातल्या मुलींच्या शाळांची देखरेख सोपवली होती आणि रखमाबाईंची लेक कृष्णाबाई हिला डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं होतं. १९१७ मध्ये विधवाविवाहाचा कायदाही त्यांनीच केला. सुनेचं दुसरं लग्न मात्र झालं नाही. राजघराण्याची रीत तिथं आडवी आली असणार. हे मला खटकतं, आणि ते लिहिलेलं बरं.

महाराज ६ मे १९२२ ला मुंबईत वारले. सूनबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्यांनी शिक्षण सोडलं नाही, मॅट्रिक झाल्या आणि पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढल्या. त्या १९७१ मध्ये गेल्या. आणि गादीचं म्हणाल, तर थोरले चिरंजीव राजाराम महाराज १९४० मध्ये वारले, त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले बाळराजेही लहानपणीच गेले. शेवटी १९४७ मध्ये गादीवर आले ते अक्कासाहेबांचे चिरंजीव. माहेरी परतलेल्या त्या लेकीचा मुलगा!

तर सासूबाई, सुनेला नाव घालू द्या. रोज कॉलेजात जाणं जमणार नसेल तर शिवाजी विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय आहे, तिथं जाऊन चौकशी करा. बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद आधी एका पिशवीत काढून ठेवा, ऐन वेळी हे सापडत नाहीत. अभ्यासाचे दोन तास ठरवून द्या आणि त्या वेळात तिला दूध उतू गेलं म्हणून हाक मारू नका. नातीला बालवाडीत सोडायचं-आणायचं काम मात्र तुम्हीच घ्या. थोरल्या सुनेवर टाकलंत तर पंधरा दिवसांत कुरबुर सुरू होईल.