कारभार बंद, कर्ज चालू

साऱ्या जगाला लोकशाहीचे धडे देण्याची हौस असलेल्या अमेरिकेत २०२५ साली १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे तब्बल ४३ दिवस केंद्र सरकारचा कारभार ठप्प होता. २०१८-१९ मधील ३५ दिवसांचा उच्चांकही त्यामुळे मागे पडला. सुमारे १४ लाख कर्मचारी एक तर घरी बसवले गेले किंवा बिनपगारी राबले. हवाई वाहतूक नियंत्रकांचे वेतन थांबले आणि ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना मिळणारे अन्नसाहाय्य अडकले. शत्रूचे आक्रमण नव्हते की दुष्काळ नव्हता. दोन पक्षांचे एकमत होईना, एवढेच कारण!

वाद होता आरोग्य विम्याचा. २०१० च्या कायद्याखाली विमा घेणाऱ्या कुटुंबांना करोनाकाळात, २०२१ साली, हप्त्यासाठी वाढीव सरकारी साहाय्य सुरू झाले. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. मुदत वाढवल्याशिवाय खर्चाला मंजुरी नाही, हा डेमोक्रॅटिक पक्षाचा हट्ट. आधी मंजुरी द्या, मग बोलू, हा रिपब्लिकनांचा. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ आणि विधेयक पुढे नेण्यास मते हवीत ६०. अखेर विरोधी बाकांवरील आठ जणांनी साथ दिली आणि कारभार सुरू झाला. वाढीव साहाय्य मात्र वर्षअखेरीस संपलेच. ते संपल्यास लाभार्थ्यांच्या खिशातून जाणारा वार्षिक हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल, असा केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. साहाय्य गेले तर मध्यमवर्गीयाला विमा परवडत नाही, हे खरे. संकटकाळची सोय कायमची होऊन बसते आणि पैसा अखेर विमा कंपन्यांकडेच जातो, हेही खरे. परंतु उपचार मुळात इतके महाग का, या प्रश्नावर कोणीही सरकार अडवून धरले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेचा आरोग्यावरील खर्च ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के होता. भांडण चालले ते हे बिल कोणी भरायचे याचे. बिल कमी कसे करायचे याचे नव्हे.

करांची कथा निराळी नाही. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने २०१७ ची करकपात कायम केली. त्यामुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरनी वाढेल, असे काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने सांगितले होते. एक पक्ष कर कमी करतो, दुसरा साहाय्य वाढवतो आणि दोघेही फरक कर्जाने भरून काढतात. कारभार बंद असतानाच, ऑक्टोबरमध्ये, हे कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. कार्यालयांना टाळे लागले. व्याजाला कोण टाळे लावणार?

या काळात लोकप्रतिनिधींचे वेतन मात्र थांबले नाही. रोगाचे मूळ येथे आहे. अडवणुकीची किंमत अडवणूक करणाऱ्याला मोजावी लागत नाही. आपल्या राज्यघटनेने येथे दूरदृष्टी दाखवली आहे. अर्थसंकल्पास विलंब झाला तर ११६ व्या कलमानुसार लेखानुदानाची सोय आहे, आणि लोकसभेने खर्चाची मागणीच फेटाळली तर संकेतानुसार सरकारला पायउतार व्हावे लागते. आपल्याकडे सरकार पडेल, पण शिपायाचा पगार अडणार नाही.

तथापि, याने हुरळून जाण्याचे कारण नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आपल्याकडील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होतो. एका शस्त्रक्रियेने कर्जात बुडालेले घर प्रत्येक वस्तीत सापडेल. करसवलत आणि मोफत योजना एकाच जाहीरनाम्यात मांडण्याची चटक आपल्याही पक्षांना लागली आहे. म्हणून मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या विचारांचा का असेना, दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : हे देणार ते कोणाच्या पैशातून? आणि उपचारांचे दर खाली आणण्यासाठी काय करणार? अमेरिकेच्या मतदाराने हे प्रश्न फार काळ पुढे ढकलले. आपण ते वेळीच विचारावेत.