तुलना ग्राहकाच्या नजरेतून

दिल्लीतील तालकटोरा स्टेडियममध्ये ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ अॅपचे लोकार्पण झाले. यूपीआयमुळे पैसे पाठविण्याची मूळ यंत्रणा सर्व बँकांना समान झाली आणि स्पर्धा प्रामुख्याने वापरातील सुलभतेची उरली. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांच्या अॅपचा तुलनात्मक आढावा घेणे प्रत्येक बँकेस अगत्याचे आहे. मात्र रंग, बटणे व सवलती यांची यादी केल्याने तो पूर्ण होत नाही. पैसे अडकलेल्या व्यवहाराची तक्रार नोंदविणे, असे एकच काम निवडून ते एखाद्या निवृत्तिवेतनधारकाकडून प्रत्येक अॅपवर करवून घ्यावे. लागलेला वेळ, टप्पे, न उमगलेले शब्द आणि तो जिथे थांबला ती जागा यांची नोंद ठेवावी.

नोएडास्थित पेटीएमने दुकानदारांसाठी आणलेला साउंडबॉक्स रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगतो. असे उपकरण इतरांनाही आणता येते. परंतु गर्दीत हात गुंतलेल्या विक्रेत्याला मोबाइल पाहता येत नाही, ही त्यामागील अडचण प्रथम ओळखावी लागते. आढाव्यात अशी एखादी अडचण सर्वच अॅपवर आढळली, तर सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावा. अडकलेले पैसे शोधताना हताश झालेला खातेदार तक्रार न करताच दुसऱ्या बँकेकडे वळतो, हे विसरून चालणार नाही.