न लिहिलेले नियम

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत पाळीच्या वेळा, सुरक्षेचे नियम, रजेचे अर्ज लेखी असतात. मात्र वरिष्ठांचे ‘बघू या’ हा बहुधा नकार असतो, ‘सवड झाली की करा’ म्हणजे आजच करा आणि ‘येतो’ म्हणणारा प्रत्यक्षात निघालेला असतो, हे कोणत्याही फलकावर नसते. स्वमग्न (ऑटिस्टिक) कर्मचारी पुष्कळदा शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणे घेतो. ‘बघू या’ ऐकून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो आणि उद्धट ठरतो. काम चोख असूनही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने स्वमग्नतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नतेसह बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आदींसाठी एकत्रित आहे. दार उघडले, हे खरे. पण आतल्या आडवळणी बोलीचे काय?

दोष एकट्या कर्मचाऱ्याचा मानणे अन्यायाचे आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की हा गैरसमज दुहेरी असतो. इतरांनाही स्वमग्न व्यक्ती उमगत नाही. सूचना लेखी द्यावी, मुदत तारखेसह सांगावी, चूक एकांतात व स्पष्ट शब्दांत दाखवावी, एवढ्यानेही बरेच साधते. यास खर्च नाही. आपल्या मोघम सौजन्याला मुरड घालावी लागते आणि तेच जड जाते.

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयींचा उल्लेख करावा लागतो. पाल्य नोकरीस लागताना पालकांनी ते धोरण मागून वाचावे.