बुधवाऱ्याने मुक्ताईस कसे जावे?

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ सालचा. त्यांच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, म्हणजे ३१ मे २०२५ रोजी, भोपाळच्या समारंभातून पंतप्रधानांच्या हस्ते इंदूरच्या मेट्रो गाडीस हिरवा झेंडा दाखविण्यात आला. हा पहिला टप्पा अवघा सहा किलोमीटरांचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळातही मेट्रो धावू लागली. या दोन्ही गोष्टींचे आम्हांस वैषम्य नाही. मोठ्या नगरांस रुळांवरून धावणारे जलद वाहन हवे, याविषयी आज दुमत उरलेले नाही. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि ज्या थोर स्त्रीच्या नावे हा सोहळा झाला तिच्याच चरित्रातून तो उद्भवतो. अहिल्याबाईंनी आपल्या राजधानीपुरते घाट बांधले नाहीत. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा जेथे त्यांची सत्ता नव्हती त्या स्थळीही त्यांचा दानधर्म पोचला. यात्रेकरूच्या वाटेवर त्यांनी विहिरी खोदविल्या, धर्मशाळा बांधविल्या. राज्यकर्त्याचे पुण्य राजवाड्यापाशी नव्हे, वाटेवर मोजावयाचे असते, हा धडा त्यांनी घालून दिला. त्या मापाने आजच्या मध्यप्रदेशाची वाट मोजावयाची ठरविली, तर काय दिसते?

ते पाहावयास इंदुराहून इच्छापूर रस्त्याने दक्षिणेस यावे आणि बऱ्हाणपुराच्या बुधवाऱ्यात थांबावे. पुण्यास वारांच्या पेठा आहेत, तशाच बऱ्हाणपुरासही आहेत : इतवारा, बुधवारा, शनवारा. हे तापीकाठचे जुने तटबंदीचे शहर. १७६० सालच्या उदगीरच्या विजयानंतर ते मराठ्यांच्या ताब्यात आले. मराठी घरे आणि देव्हारे येथे कैक पिढ्यांचे आहेत. १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिले. २००३ साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. सरकारी नकाशावर त्याचा मान वाढला. रस्त्यावर मात्र त्याच सुमारास त्याचे पाय तोडले गेले.

ते कसे, हे सांगणे प्राप्त आहे. १९६२ साली स्थापन झालेले मध्यप्रदेश राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ साली राज्य सरकारने घेतला. पुढील पाच-सहा वर्षांत निगमाच्या उरल्यासुरल्या गाड्याही रस्त्यावरून नाहीशा झाल्या. एवढ्या विस्तीर्ण राज्यास स्वतःची प्रवासी गाडी राहिली नाही. निगम कर्जात बुडाले होते, कारभार भोंगळ होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण घरातील विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून कोणी शहाणा गृहस्थ विहीर बुजवीत नाही. तो गाळ उपसतो. येथे विहीरच बुजविण्यात आली आणि ज्याने त्याने आपल्या पाण्याची सोय पाहावी असे सांगण्यात आले.

निगमाबरोबर गेले काय? निव्वळ लोखंडी गाड्या गेल्या असत्या, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. खाजगी गाड्या आल्याच. कित्येक मार्गांवर त्या संख्येने अधिकही असतील. गेले ते वेळापत्रक. वेळापत्रक हे सरकारने प्रजेस दिलेले वचन असते : उतारू दोन असोत की पन्नास, गाडी अमुक वाजता सुटेल. खाजगी मालक हे वचन देऊ शकत नाही. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे; त्यास डिझेलचे पैसे त्याच दिवशी काढावयाचे असतात म्हणून. तो भरलेल्या मार्गावर धावतो, रिकाम्या मार्गाकडे पाठ फिरवितो आणि गाडी भरेपर्यंत थांबतो. व्यापाराचा तो धर्मच आहे. व्यापाऱ्याने व्यापार केला यात दोष कोणता? दोष त्या राज्याचा, ज्याने आपला धर्म व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधला.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याच्या दारी मोटार आहे, त्यास निगम केव्हा गेले हे कळलेही नाही. तरुणाने हप्त्याने दुचाकी घेतली. उरले कोण? वृद्ध, विधवा, शाळकरी मुली, यंत्रमागावर रोज भरणारा मजूर आणि देवदर्शनास निघालेली आपली माणसे. बऱ्हाणपुराचे रेल्वे स्थानक शहराबाहेर, लालबागेकडे, कोसभर दूर. रात्रीच्या गाडीने उतरलेल्या एकट्या स्त्रीने बुधवाऱ्यापर्यंत यावे कसे? रिक्षावाला सांगेल ते भाडे देऊन. तो सज्जन असेल तर तिचे भाग्य! नागरिकाचा प्रवास परक्याच्या सज्जनपणावर सोडणे, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

आता मुक्ताईच्या वाटेकडे वळू. बऱ्हाणपुराच्या घाटांवरून वाहणारी तापी पुढे महाराष्ट्रात शिरते आणि चांगदेवापाशी पूर्णेस मिळते. त्याच परिसरात मुक्ताबाईंचे समाधिस्थान. त्यांची पालखी दरवर्षी सुमारे महिनाभर चालत पंढरीस जाते. बुधवाऱ्यातील वारकऱ्यास हे तीर्थ परके नाही. वाटेत, सीमेच्या अलीकडे, इच्छापुरास टेकडीवरील इच्छादेवी. तिच्या दर्शनास खानदेशातून लोक येतात. म्हणजे भाविकांची ये-जा दोन्ही दिशांनी आहे. नदीला सीमा ठाऊक नाही, देवीला नाही, मुक्ताईला तर नाहीच. ठाऊक आहे ती एकट्या तिकिटाला. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत स्त्रियांस अर्धे तिकीट पडते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस तर प्रवास विनामूल्य आहे. परंतु या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. मुक्ताईनगरची म्हातारी पंढरपुरास जाईल तर सवलत. तीच तापीच्या काठाने बऱ्हाणपुरास लेकीकडे निघाली, तर सीमेपलीकडचे भाडे पुरे. आणि बऱ्हाणपुराच्या बाजूने? तेथे सवलत देण्यास सरकारची गाडी तर हवी!

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : सार्वजनिक गाडी तोट्यात चालते. आम्ही म्हणतो, चालते. महाराष्ट्राच्या एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेल्याचे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतच नमूद आहे. २०२१ च्या अखेरीस तिच्या कामगारांनी पुकारलेला संप कित्येक महिने चालला आणि खेड्यापाड्यांतील लोकांचे अतोनात हाल झाले. तरीही १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुटलेली ती पहिली गाडी थांबविण्याचे धाडस महाराष्ट्राच्या एकाही सरकारास झाले नाही. २०२५ च्या आषाढीस पंढरपुरासाठी पाच हजारांहून अधिक जादा गाड्या सोडण्याचे एसटीने जाहीर केले. तोट्यातील संस्थेने केलेली ही सेवा कोणत्या जमाखर्चात मांडावयाची?

बऱ्हाणपुरास तर तोट्याचा हा आक्षेप मुळीच शोभत नाही. या शहराची तहान ज्या कुंडी भंडाऱ्याने भागविली, तो १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत झाला. जमिनीखालून भुयारी मार्ग खणून, डोंगराकडील पाणी उताराच्या बळावर शहरात आणले. चारशे वर्षांनंतरही देशोदेशीचे जाणकार तो पाहावयास येतात. या पाण्याने नफा किती झाला, असे त्यांपैकी कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पाणी आणि वाट या दोन गोष्टी राज्याने प्रजेस द्यावयाच्या असतात. त्यांचा नफा दवाखान्यात वेळेवर पोचलेल्या रोग्यात आणि शाळा न सुटलेल्या मुलीत शोधावा लागतो.

आमच्या कोंकणी वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. गोमंतकात दीर्घकाळ खाजगी गाड्यांचेच राज्य होते. १९८० साली तेथील शासनाने आपले महामंडळ उभारले आणि त्यास नाव दिले कदंबांचे, ज्यांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटेश्वर. नार्व्याच्या त्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. फोंडे महालातील देवस्थानांस जाणाऱ्या भाविकांस खाजगी गाडीही मिळते आणि कदंबाचीही. खाजगी गाडीस कोणी हाकलून दिले नाही. तिच्या शेजारी राज्याची गाडी उभी राहिली, इतकेच. एवढ्याशा गोव्यास जे झेपले, ते मध्यप्रदेशास का झेपू नये?

दुसरा आक्षेप अधिक कावेबाज आहे. बसचा काळ गेला, आता मेट्रोचे युग आले, असे सांगण्यात येते. हे ऐकले की आम्हांस मुंबईची ट्राम आठवते. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली, १९०७ पासून विजेवर चाललेली ती ट्राम रस्ता अडविते म्हणून ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. अर्धशतक लोटल्यावर, २०१४ साली, त्याच मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. त्याच वर्षी आरंभिलेली मोनोरेल सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. नवे वाहन आले की जुने मोडीत काढावयाचे, ही आमच्या नगरांची जुनी खोड. मध्यप्रदेशानेही तीच गिरविली. बससाठी राखून ठेवलेले मार्ग भोपाळात २०२४ पासून उखडण्यात आले. इंदुरातील मार्ग काढण्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाची अनुमती मिळाली. एका हाताने बसची वाट मोडावयाची आणि दुसऱ्या हाताने मेट्रोचे खांब रोवावयाचे! मेट्रो हा राजरस्ता खरा. पण स्थानकापासून घरापर्यंत नेणारी बस नसेल, तर त्या राजरस्त्यापर्यंत पोचावयाचे कसे? आणि ज्या शहरास मेट्रो कधीच येणार नाही, त्यास तर बसवाचून गत्यंतर नाही.

बुधवाऱ्याच्या अरुंद गल्ल्यांत बस शिरणार कशी, असेही कोणी विचारील. तिने शिरावे असे आमचे म्हणणेच नाही. गल्लीच्या तोंडाशी ठराविक वेळी लहान गाडी उभी राहावी, तिने शनवाऱ्यावरून बसस्थानकास व पुढे रेल्वे स्थानकास जावे, एवढे पुरे. ही मागणी आकाशातील चंद्राची नव्हे.

एप्रिल २०२५ मध्ये मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. गाड्या खाजगी मालकांच्या, नियमन सरकारी कंपनीचे, अशी तिची घडण. वीस वर्षांनी का होईना, विहीर बुजविणे चुकले हे सरकारने कृतीने मान्य केले. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण योजनेची कसोटी भोपाळच्या सभागृहात लागावयाची नाही. ती बुधवाऱ्यात लागेल. आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, बऱ्हाणपूर शहर ते रेल्वे स्थानक अशी गाडी रात्रीच्या आगगाड्यांच्या वेळा जुळवून सुरू व्हावी आणि तिचे वेळापत्रक चौकात लागावे. दुसरी, किफायतशीर मार्गाचा परवाना ज्यास मिळेल, त्याच्या माथी एक तोट्याचा खेड्याचा मार्गही मारावा. तिसरी, स्त्रिया व वृद्ध यांच्या सवलती सीमेपलीकडेही चालाव्यात, यासाठी दोन्ही राज्यांनी करार करावा. निदान बऱ्हाणपूर–मुक्ताईनगर या मार्गावर तरी तो तत्काळ व्हावा.

शेवटी आपल्या समाजास दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. देवालयाच्या कळसासाठी वर्गणी मागितली की हात सैल सुटतात. विश्वस्तांच्या बैठकीत मोटारी लावण्याच्या जागेवर तासचे तास चर्चा होते. पण जी म्हातारी पूर्वी दर एकादशीस येई, ती अलीकडे का दिसत नाही, याची चौकशी किती विश्वस्त मंडळांनी केली? तिची श्रद्धा आटलेली नाही. तिची गाडी बंद झाली आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगावचे श्रीगजानन महाराज संस्थान रेल्वे स्थानकावरून भाविकांस आणण्यासाठी स्वतःच्या गाड्या विनामूल्य चालविते. प्रत्येक देवस्थानास ते साधेल असे नाही. परंतु सही शिक्क्यानिशी एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडणे कोणास साधणार नाही? सत्यनारायणाच्या महाप्रसादास ज्या उमेदवारास मानाने बोलावितो, त्यास ‘आमची गाडी केव्हा सुरू करता?’ असे विचारणे कोणास जड आहे?

अहिल्याबाईंच्या नावाने झेंडे दाखविणाऱ्या सरकारास आणि त्यांच्या नावाने उत्सव मांडणाऱ्या समाजास आमचे सांगणे एकच. त्या माऊलीने यात्रेकरूची तहान वाटेवर ओळखली. आज ती तहान बसची आहे. बुधवाऱ्याच्या तोंडाशी वेळेवर येऊन उभी राहणारी एक साधी गाडी जे राज्य देऊ शकत नाही, त्याने पुण्यश्लोकाचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे.