मुलांच्या हाती कोणते बाबासाहेब देणार?

20 मार्च 2027 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने मुलांसाठी पुस्तिका, चरित्रे आणि चित्रकथा मोठ्या संख्येने निघतील. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या पुस्तकांत काय लिहिले जाणार, याची चर्चा आपण आताच करायला हवी.

एका पुस्तकाने एका मुलाचे काय होते, हे आपल्या चळवळीइतके कुणाला ठाऊक असणार? कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र विद्यार्थी भीमरावाला भेट दिले. ते वाचून भीमरावाने वडिलांना प्रश्न विचारला की, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाची ओळख का करून देत नाही? वडिलांनी उत्तर दिले. पण मुलाचे त्याने समाधान झाले नाही. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जे घडले, त्याचे एक बीज या भेटीत होते.

ही आठवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. 1957 च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नव्हती. तिथे बाबासाहेब सांगतात की, हा सत्कार इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर झाला. अनेक चरित्रांत मात्र हा प्रसंग 1907 च्या मॅट्रिकनंतरचा म्हणून येतो. मुलांच्या पुस्तकात यातले काय लिहायचे? आम्हाला वाटते, दोन्ही लिहावे आणि मुलांना विचारावे की तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल आणि का? इतिहास शिकवणे म्हणजे हेच.

आज घडते ते उलट. मोबाईलवर फिरणारे पदव्यांचे आणि भाषांचे फुगवलेले आकडे तसेच्या तसे पुस्तिकेत उतरतात. खरे तर कोलंबियाची 1915 ची एम.ए., लंडनची 1921 ची एम.एस्सी. आणि 1923 ची डी.एस्सी., 1927 ची पीएच.डी. आणि बॅरिस्टरी एवढे सत्यच थक्क करणारे आहे. त्यावर खोटी भर घातली की विरोधकाला फक्त एक आकडा खोडावा लागतो. मग आपल्या मुलाचा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही डळमळतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांसोबत काम करताना आम्ही आणखी एक गोष्ट पाहतो. जन्मतःच अलौकिक असलेल्या माणसाला मूल हात जोडते, पण त्याच्यासारखे व्हायचा विचार करत नाही.

याउलट कोरेगावचा प्रवास पाहा. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली ही लहान मुले स्टेशनवर अडकली. जात कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली. सोबत जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून ती रात्रभर उपाशी राहिली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. याच आत्मकथनावर आधारलेले ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक 2011 मध्ये आले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी त्याची चित्रे काढली. एकही चमत्कार न घालता मुलांपर्यंत पोहोचता येते, याचा हा पुरावा आहे.

दुसरी उणीव माणसांची आहे. मुलांच्या पुस्तकांत बाबासाहेब बहुधा एकटे दिसतात. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे किती मुलांना माहीत आहे? जुलै 1942 मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे किती मुलींना ठाऊक आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. त्या वेळी त्यांनी हे काम केले नसते तर कितीतरी आठवणी त्या बायांसोबतच गेल्या असत्या.

काही कार्यकर्ते म्हणतात, मुलांना प्रेरणा द्या, संशोधन नको. आम्हाला हे पटत नाही. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या पुस्तकांनाही लागू आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. शताब्दीच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रसंगाखाली तो कुठून घेतला, हे एका ओळीत लिहा. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आणि चांगदेव खैरमोडे यांचे अनेक खंडांचे चरित्र आधी उघडा. आणि विहारात येणाऱ्या आजी-आजोबांकडे मुलांना वही घेऊन पाठवा. आपल्या गावात धम्मदीक्षा कशी झाली, पहिली मुलगी शाळेत कधी गेली, हे त्यांना विचारू द्या. 1956 मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. शताब्दीची वाट पाहायला तिच्याकडे वेळ नाही.