नोट तीच, आकडा नवा

औसा, निलंगा, उदगीर या भागातील माळवदाच्या जुन्या घरांत आजीच्या संदुकीच्या तळाशी निजामाच्या राजवटीतील एखादी नोट अजूनही सापडते. पोथीच्या पानांत नाही तर रेशमी खणाच्या घडीत ती जपून ठेवलेली असते. उर्दू मजकूर आणि त्यासोबत मराठी, तेलुगू, कानडी अक्षरांत लिहिलेली किंमत. ही हाली सिक्क्याची नोट. हैदराबाद संस्थानाने १९१८ मध्ये स्वतःचे कागदी चलन काढले. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार आणि आपला तो हाली. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीला बाराखडीसारखा पाठ होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तरी हाली चलन काही वर्षे चालू राहिले आणि १९५९ मध्ये कायमचे गेले. तेव्हापासून या नोटा बाजारातून उठल्या आणि संदुकीत जाऊन बसल्या.

आता त्या पुन्हा बाहेर येऊ लागल्या आहेत, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळाले आहे. मात्र हे गिऱ्हाईक नोट हातात घेऊन पाहण्याआधी एक प्रश्न विचारते, ‘ग्रेड काय?’

हा प्रश्न अमेरिकेतून आला. तेथे खेळाडूंची चित्रे छापलेली पत्त्यांएवढी कार्डे जमवण्याचा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. अशा कार्डांची अवस्था तपासून १ ते १० पैकी गुण देणारी पी.एस.ए. ही कंपनी १९९१ मध्ये निघाली. नाण्यांसाठी अशीच व्यवस्था १९८६ मध्येच सुरू झाली होती. नोटांसाठी २००५ पासून पी.एम.जी. ही कंपनी १ ते ७० या मोजपट्टीने काम करते. कागद किती कोरा, घडी किती, कोपरे टोकदार आहेत की मळलेले, टाचणीची भोके किती, डाग आहे का, हे सारे पाहून आकडा ठरतो. मग नोट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात कायमची बंद होते आणि वर आकड्याची चिठ्ठी लागते. ६४ आणि ६६ या आकड्यांच्या नोटा शेजारी शेजारी ठेवल्या, तर तुम्हाआम्हाला फरक दिसणार नाही. दरात मात्र तो स्पष्ट दिसतो.

येथवर तक्रारीचे कारण नाही. शेकडो मैलांवरून, न पाहता वस्तू घ्यायची तर कोणीतरी तिऱ्हाइताने ती तपासलेली बरी. प्रश्न उभा राहतो तो पुढच्या पायरीवर. मिळालेला आकडा मालकाला पटला नाही, की तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. काहीजण पहिले पाकीट फोडून वस्तू नव्याने पाठवतात. म्हणजे आधीच्या निकालाचा मागमूस राहत नाही. कार्डांच्या धंद्यात याहून सोयीचा मार्ग आहे. जुन्या पाकिटासकट कार्ड पाठवायचे आणि अर्जातच लिहायचे, ‘अमुक आकड्याच्या खाली देणार असाल, तर जसे आहे तसे परत करा.’ परीक्षेला बसतानाच विद्यार्थ्याने पेपरावर आपल्याला किती गुण हवेत ते लिहून द्यावे, तसा हा प्रकार.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. दुसरा परीक्षक आम्हालाही लागत असे. सोनेतारण कर्जात सराफ दागिने कसोटीवर घासून त्यांचा कस आणि किंमत सांगतो. पण बँक त्याच्या एकट्याच्या शब्दावर थांबत नाही. अधूनमधून तारणाची पाकिटे उघडून दुसऱ्या सराफाकडून तपासून घेतली जातात. ही तपासणी कशासाठी असते? पहिल्याने किंमत जास्त तर लावली नाही ना, हे पाहण्यासाठी. दुसरा माणूस बोलावायचा तो आकडा फुगला असेल तर खाली आणण्यासाठी. हौशी संग्राहकांच्या बाजारात याच्या बरोबर उलटे आहे. तेथे दुसरा परीक्षक शोधायचा तो आकडा वर चढवण्यासाठी.

सारी मेख येथे आहे. ज्याला ५८ मिळाले तो दुसरे दार ठोठावतो. ज्याला नशिबाने ६६ मिळाले, तो ‘जास्त तर पडले नाहीत ना?’ असे विचारायला कुठेही जात नाही. परीक्षकांच्या चुका दोन्ही बाजूंनी होत असतील, पण दुरुस्त होतात त्या एकाच बाजूच्या. वर्षानुवर्षे हे चालले, की सगळ्या बाजारातील आकडे हळूहळू वर सरकतात. नोटा मात्र होत्या तेवढ्याच जुन्या असतात. आणि वाढीव आकड्याचे पैसे अखेर कोण भरतो? तर शेवटी पाकीट विकत घेणारा नवा, भाबडा शौकीन.

लातूर जिल्ह्यातील वाचकांना गुणांचे वेड समजावून सांगण्याची गरज नाही. एकेका गुणासाठी घरातील दिवे रात्रभर जळतात, हे आपण पाहतो. निकालानंतर फेरतपासणीचा अर्जही करतो आणि तो हक्कच आहे. पण तेथे उत्तरपत्रिका एकाच मंडळाच्या हाती राहते. ‘या मंडळाने कमी दिले, आता त्या मंडळाला दाखवू’ अशी सोय नसते. शिवाय गुण मिळवून मुलाला पुढे शिकायचे असते. नोटेला कुठे शिकायचे आहे?

आकड्यावर किती विसंबावे, याचा धडा अमेरिकेतील एका कार्डानेच दिला आहे. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचे, १९०९ ते १९११ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांतून निघालेले हे कार्ड. पी.एस.ए.ने तपासलेले ते पहिले कार्ड आणि त्याला १० पैकी ८ मिळाले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ मध्ये, ज्याच्या हातून ते बाजारात फिरले त्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला खरे तर असा आकडा मिळायलाच नको. पण चिठ्ठी एकदा लागली की कार्डापेक्षा चिठ्ठीच मोठी होते.

आणि ‘दुसरी कंपनी’ तरी कितपत दुसरी? पी.एस.ए.च्या मालक कंपनीनेच २०२४ मध्ये एस.जी.सी. ही स्पर्धक कंपनी विकत घेतली. नाणी आणि नोटा तपासणारी पी.सी.जी.एस.ही त्याच घरची. एका दुकानातून रागाने उठून समोरच्या दुकानात जावे, तर गल्ल्यावरचा शेठ तोच निघावा!

फेरतपासणी मुळीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षकही माणूसच आहे, त्याच्या नजरेतून काही निसटू शकते. पण दोन पथ्ये पाळली जावीत. विकणाऱ्याने पहिला निकालही गिऱ्हाइकाला सांगावा, दुसराच तेवढा पुढे करू नये. आणि घेणाऱ्याने चिठ्ठी झाकून आधी नोट पाहावी. ती आवडली, तरच चिठ्ठी वाचावी.

ज्यांच्या घरी अशा नोटा आहेत, त्यांनाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुंदर करण्याच्या नादात ती कायमची बिघडते. टाचणीची भोके पाहून खट्टू होऊ नका. बंडलाला टाके घालण्याची बँकांची रीत रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये थांबवली, त्याआधीच्या कोऱ्या नोटांनाही भोके असत. ‘जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ असे कोणी फोनवर सांगितले तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे फसवणारे आहेत, हा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. शंभरी ओलांडलेल्या पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, तेव्हा तपासणीसाठी परदेशी काही धाडण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या.

बँकेच्या काउंटरवर नोटेचा न्याय साधा असतो. शंभराची नोट मळकी असो की कोरी, तिचे शंभरच रुपये मिळतात. फाटली, तरी तिचा तुकडा किती शिल्लक आहे ते मोजून नियमाने पूर्ण किंवा अर्धी किंमत मिळते. संग्राहकाचा न्याय वेगळा असणारच, कारण त्याला दुर्मीळ आणि देखणे हवे असते. पण घराचा न्याय या दोघांहून वेगळा आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात आमच्या औसा तालुक्यातील घरे मातीत गेली. त्या मातीतून एखाद्या घरची डबी निघाली असेल आणि त्या डबीत हाली सिक्क्याची नोट असेल, तर तिला घड्या असणार, मातीचा डाग असणार. सत्तरपैकी तिला दहा-पंधरा मिळतील. दुसऱ्या कंपनीने फार मेहेरबानी केली, तर वीस. ती नोट कोणाच्या हातची, कोणी जपलेली, हे सांगणारा रकाना त्या चिठ्ठीवर नाही. तो घरच्यांनीच भरायचा आहे. एका कागदावर आजोबांचे नाव, गाव आणि ऐकलेली हकीकत लिहून तो नोटेसोबत ठेवावा. नातवंडांना विकायची असेल तर ती खुशाल विकोत, पण काय विकतो आहोत हे त्यांना ठाऊक असावे.